भूलचूक देणेघेणे

महाराष्ट्रात आता साधारण चारांतले एक बाळ सिझेरियनने जन्माला येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली, तीत राज्याचा आकडा २५.४ टक्के निघाला. गोव्याचा ३९.५. देशभरात सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते आणि खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के, म्हणजे खासगीत गेलेल्या दोघींपैकी जवळजवळ एकीचे पोट उघडले गेले. या आकड्यांवरून बराच गदारोळ झाला आहे. शस्त्रक्रिया गरजेपोटी होतात की बिलापोटी, ज्योतिषाने काढून दिलेल्या वेळेसाठी किती होतात, घाई डॉक्टरांना असते की सासरच्यांना, हे वाद आपण सर्वांनी वाचले आहेत आणि लग्नाच्या पंगतीत घातलेही आहेत. त्यात मला आज शिरायचे नाही.

मला विचारायचे आहे ते निराळेच. या लाखो बायकांपैकी बहुतेक जणी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असतात. पूर्ण बेशुद्ध करण्याची पद्धत बाळंतपणाच्या शस्त्रक्रियांत मागे पडून कमरेतून भूल देणे रूढ झाले, त्याला आता बरीच वर्षे लोटली. छातीपासून खाली शरीर बधिर, डोके शाबूत. समोर हिरवा पडदा. पलीकडचे दिसत नाही, पण बोलणे ऐकू येते, हत्यारांचा आवाज ऐकू येतो आणि बाळाचे पहिले रडणेही. व्यवस्था उत्तम आहे आणि बहुतेक वेळा ती बिनबोभाट पार पडते. पण एखाद्या वेळी भूल पुरती चढत नाही, एका बाजूला चढतच नाही, किंवा टाके पुरे होण्याआधी उतरू लागते. त्या वेळी पडद्याअलीकडची बाई काय म्हणते आणि पलीकडची माणसे काय ऐकतात?

इतरत्र हा प्रश्न आता उघडपणे विचारला जाऊ लागला आहे. ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात २०२२ साली सिझेरियनच्या वेळी होणाऱ्या वेदनेविषयी सविस्तर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने याच विषयावर आपले निवेदन काढले. २०२५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ‘द रिट्रीव्हल्स’ या ध्वनिमालिकेचे दुसरे पर्व याच वेदनेवर होते आणि त्यानंतर तिथल्या बायका वर्षानुवर्षे मनात ठेवलेल्या गोष्टी बोलू लागल्या. आपल्याकडे मात्र या बाबतीत सामसूम आहे. आपल्या बायकांना दुखत नाही, असे तर काही नसावे.

आधी ही भूल म्हणजे काय ते पाहू, कारण घराघरांत त्याबद्दल विलक्षण गोंधळ आहे. ‘कमरेत इंजेक्शन दिलं’ एवढ्या एका वाक्यात आपण दोन वेगळ्या गोष्टी बसवतो. पाठीच्या कण्यात मज्जातंतूंचा दोर एका पिशवीत असतो आणि त्या पिशवीत पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. सुईने थेट त्या द्रवात औषध सोडले की ते स्पायनल. एकदाच टोचायचे, दोन-चार मिनिटांत पाय जड होतात, आणि आजच्या औषधांचा अंमल दीड-दोन तास टिकतो. एपिड्युरलमध्ये सुई त्या पिशवीच्या बाहेरच थांबते. तिथे बारीक नळी ठेवून द्यायची आणि औषध लागेल तसे सोडत राहायचे. प्रसूतीच्या कळा सुसह्य करण्यासाठी मोठ्या शहरांतून हल्ली देतात ते हे. ठरवून केलेले सिझेरियन आपल्याकडे बहुधा स्पायनलखाली होते. एपिड्युरल घेऊन कळा देत असलेल्या बाईचे ऐनवेळी सिझेरियन करायचे ठरले, तर त्याच नळीतून अधिक जोराचे औषध सोडतात.

चीर ओटीपोटावर असते, मग बधिरता छातीपर्यंत कशाला, असे कोणालाही वाटेल. कारण त्वचा कापली जाते खाली, पण पोटाच्या आतल्या अस्तराला आणि आतल्या अवयवांना ओढ बसते ती बरीच वरपर्यंत, आणि तिथल्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा कण्यात वर जाऊन मिळतात. म्हणून भूल स्तनांच्या पातळीपर्यंत चढली आहे की नाही, हे चीर देण्याआधी पाहावे लागते. बर्फाचा खडा किंवा स्पिरिटचा गार बोळा लावून ‘गार लागतंय का’ असे विचारतात, नुसता स्पर्श कळतो का ते पाहतात. कित्येक सर्जन चिमट्याने कातडी दाबून बघतात.

आणि ती नेहमी तितकी चढतेच असे नाही. स्पायनलमध्ये सुईचे टोक केसभर सरकले तर औषध थोडे आत, थोडे बाहेर जाते. एपिड्युरलची नळी एका बाजूला कलली तर डावे अंग लाकूड आणि उजवे जागे, असा प्रकार होतो; मध्येच हातभर पट्टा सुटूनही जातो. प्रत्येकीचा कणा वेगळा, द्रवाचे प्रमाण वेगळे. आपल्याकडचे एक खास कारणही सांगितले जाते: विंचू. विंचवाचा दंश झालेल्या माणसांवर स्थानिक भूल चालत नाही, अशा रुग्णांच्या नोंदी भारतीय भूलतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. हा संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. पण ग्रामीण भागात काम केलेला जाणता भूलतज्ज्ञ ‘कधी विंचू चावला होता का, किती वेळा?’ असे विचारून घेतो. शहरातल्या पेशंटला त्या प्रश्नाचे हसू येते. कोकणातल्या बाईला येत नाही.

मुळात ही विद्या जन्मली तीच एका फसलेल्या प्रयोगासह. ऑगस्ट १८९८ मध्ये जर्मनीत कील येथे ऑगस्ट बीअर या सर्जनने कोकेनचे द्रावण कण्यात सोडून एका रुग्णाच्या पायावर शस्त्रक्रिया केली. काही दिवसांनी त्याने आणि हिल्डेब्रांट या त्याच्या साहाय्यकाने हा प्रयोग एकमेकांवर करायचे ठरवले. पहिली पाळी बीअरची. पण सिरिंज सुईवर नीट बसेना. कण्यातला द्रव गळून गेला, औषधही वाया गेले, आणि बीअरला भूल चढलीच नाही. मग पाळी हिल्डेब्रांटची. त्याला चढली. बीअरने त्याला चिमटे काढले, चिरूटने चटका दिला, नडगीवर हातोडा मारला, आणि त्याला वेदना म्हणून काही जाणवले नाही. दाबल्याचे मात्र कळत होते. दोघांनाही पुढे डोकेदुखीने पछाडले. मला या गोष्टीत आवडतो तो भाग असा, की बीअरने हे सगळे लिहून छापले. जमले ते लिहिले, फसले ते लिहिले, आणि कोणत्या मिनिटाला काय कळत होते, काय कळत नव्हते, तेही लिहिले. समोरचा माणूस सहकारी डॉक्टर होता, म्हणून त्याचे म्हणणे पुरावा ठरले.

आता आकडा किती मोठा आहे? २०२२ मध्येच ‘ॲनेस्थेशिया’ या नियतकालिकात एक पाहणी आली. ठरवून केलेल्या सिझेरियनच्या अनेक चाचण्या एकत्र करून, सुमारे साडेतीन हजार बायकांच्या नोंदींवरून ती केली होती. त्यातल्या साधारण सातांतल्या एकीला कमरेतली भूल अपुरी पडून वरून आणखी औषध द्यावे लागले होते. पूर्ण बेशुद्ध करण्याची वेळ मात्र अगदी क्वचित आली. सातांतली प्रत्येक जण किंकाळ्या फोडत होती, असा याचा अर्थ मुळीच नाही. काहींना थोडी अस्वस्थता, काहींना शेवटी शेवटी दुखणे. पण ही गोष्ट लाखात एक घडणारी नाही. आणि ज्या घाईच्या शस्त्रक्रिया प्रसूतिकळांमधून एकदम टेबलावर जातात, त्यात भूल अपुरी पडण्याची शक्यता ठरवून केलेल्यांपेक्षा जास्तच असते.

यावर कोणी म्हणेल, मग सरळ सगळ्यांना बेशुद्धच करा ना! तसे करण्यात शहाणपण नाही. गरोदर बाईच्या पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, श्वासनळीत नळी घालणे अवघड जाऊ शकते, औषधाचा थोडा अंमल बाळावरही होतो. शिवाय तीही पद्धत निर्दोष नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रसूतीशी संबंधित पूर्ण भुलीच्या २५६ जणींमागे एकीला मध्येच जाग असल्याचे आढळले होते. म्हणून वाचकांनी हा लेख वाचून घरातल्या लेकीसुनांना घाबरवू नये, ही विनंती. कमरेतली भूल हीच आज सर्वांत सुरक्षित वाट आहे. ‘त्या इंजेक्शनानं जन्मभर कंबर धरते’ ही आपल्याकडची ठाम समजूत आहे, तिलाही अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती इंजेक्शन न घेतलेल्यांचीही.

माझे स्वतःचे सिझेरियन १९८८ सालचे. बदली तालुक्याच्या गावी होती, दवाखाना दहा खाटांचा, डॉक्टर मायाळू. त्या काळी कण्यात द्यायचे औषध पुष्कळदा लिग्नोकेन असे आणि त्याचा अंमल तास-सव्वा तास. बाळ निघेपर्यंत मला काही कळले नाही. नंतर बाहेर कशावरून तरी वेळ गेला आणि टाके घालताना सुई कळू लागली. मी सांगितले. डॉक्टर म्हणाले, “झालंच मॅडम, दोन टाके राहिलेत.” रोखपालाच्या खिडकीत तीन वर्षे काढलेली असल्यामुळे मला मोजायची सवय होती. नऊ होते. यात मी त्यांना फारसा दोष देत नाही. त्या गावात दुसरे काय करता आले असते ते मला आजही सांगता येणार नाही. मुलगा धडधाकट होता, आईने डिंकाचे लाडू आणले होते, आणि नऊ टाक्यांची गोष्ट कोणाला सांगायची असते हे माझ्या मनातही आले नाही.

पण गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या बाबतीत जे झाले, ते १९८८ सालचे नव्हते. शहरातले मोठे रुग्णालय, सगळ्या सोयी. तिला कळांसाठी एपिड्युरल दिले होते. रात्रभर डावी बाजू गप्प आणि उजवीकडे कळा चालू. तिने दोनदा सांगितले, दोनदा औषध वाढवले, उजवी बाजू काही ऐकेना. पहाटे बाळाचे ठोके मंदावले आणि धावपळ सुरू झाली. त्याच नळीतून मोठा डोस सोडून तिला टेबलावर घेतले. “मावशी, चिरलेलं कळलं मला,” ती मला नंतर म्हणाली. “मी ओरडले. तर म्हणाले, ओढ जाणवणारच, घाबरू नका, दुखत नाहीये ते.” मग कोणीतरी शिरेतून काही दिले आणि पुढचे तिला तुकड्यातुकड्यांनी आठवते. दुसऱ्या दिवशी तिने फेरीवर आलेल्या तरुण डॉक्टरांना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “त्या औषधानं स्वप्नं पडतात काही जणींना.” घरी जाताना हातात दिलेल्या कागदावर शस्त्रक्रियेपुढे एकच शब्द होता: अनइव्हेंटफुल. म्हणजे विशेष काही घडले नाही.

जाणकारांना यात नवल वाटणार नाही. कळांच्या वेळी जे एपिड्युरल नीट चालत नाही, पुन्हापुन्हा डोस मागत राहते, ते शस्त्रक्रियेला पुरेल याचा भरवसा धरू नये, हे भूलशास्त्राच्या पुस्तकांत आहे. रात्री दोनदा केलेली तिची तक्रार ही नुसती तक्रार नव्हती. ती नळी नीट बसलेली नाही, ही माहिती ती विनामूल्य पुरवत होती.

बाईचे म्हणणे का ऐकले जात नाही, याचे एक कारण खरोखर वैद्यकीय आहे. कमरेतल्या भुलीत वेदना जाते पण दाब, ओढ, हलवाहलव कळत राहते. हिल्डेब्रांटलाही कळत होती. ‘पोटात कोणी भांडी घासतंय असं वाटेल’, असे काही डॉक्टर आधी सांगून ठेवतात आणि ते योग्यच आहे. गफलत होते ती पुढे. ओढ जाणवणे नेहमीचे, म्हणून जे जे जाणवते ते ओढच, असा हिशेब मांडला जातो. मराठीत या बाबतीत गरिबी नाही. कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, चरचर वेगळी, आग वेगळी, ओढ वेगळी. आमच्या आज्या पोटदुखीचे सात प्रकार सांगून सात काढे देत. टेबलावरच्या बाईला ‘ओढल्यासारखं वाटतंय की चिरल्यासारखं?’ एवढे विचारले तर ती अचूक सांगेल. पण हा प्रश्न बाईला विचारायचा असतो. पडद्यापलीकडून तिच्या वतीने त्याचे उत्तर देऊन टाकायचे नसते.

दुसरे कारण आपल्या घरांतले. बाळंतपण म्हणजे पुनर्जन्म, सोसल्याशिवाय आईपण येत नाही, हे आपण मुलींना लहानपणापासून ऐकवतो, आणि जिचे सिझेरियन झाले तिला वर ऐकवतो, ‘तुमचं काय, सोपी सुटका!’ ज्या बाईने सोपी सुटका करून घेतली असे सगळे मानतात, तिने दुखल्याचे सांगायचे कोणाला? माझ्या भाचीला तिच्या सासूबाई प्रेमानेच म्हणाल्या, “बाळ सुखरूप आहे ना, मग झालं तर.” त्या वाक्यानंतर बोलण्यासारखे काही उरत नाही. आता ती बाळाला घेऊन लसीकरणासाठी त्या रुग्णालयाच्या रस्त्याने जात नाही, लांबच्या रस्त्याने दुसरीकडे जाते. शस्त्रक्रियेतल्या अशा वेदनेनंतर बायकांना झोप न लागणे, तो प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येणे, दुसऱ्या मुलाचा विचारही नकोसा होणे, असे मानसिक आघाताचे परिणाम राहू शकतात, हे पाश्चात्त्य देशांत नोंदले गेले आहे.

आणि ते शिरेतून दिलेले औषध! गुंगी आणि वेदनाशमन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गुंगीच्या औषधाने माणूस गप्प होतो, पुढे त्याला धड आठवत नाही. म्हणून त्याला दुखले नाही असे होत नाही. केटामिनसारखे औषध वेदना थांबवते खरे, पण त्याने भास होतात, आणि मग खरे काय अन् भास काय हे बाईचे तिलाच सांगता येत नाही. अडचणीत ही औषधे द्यावीच लागतात, माझी त्याला हरकत नाही. पण ती देताना तिला सांगून द्यावीत, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या धूसर आठवणीचा उपयोग तिलाच खोटे पाडण्यासाठी करू नये.

सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या बाईला हे फार खटकते. दिवसअखेर रोकड दहा रुपयांनी जरी जुळली नाही, तरी आम्ही ते लिहीत असू. कमी निघाली तर लिहायचे, जास्त निघाली तरी लिहायचे. रक्कम सस्पेन्स खात्यात टाकायची आणि सापडेपर्यंत ती नोंद डोळ्यांपुढे ठेवायची. फरक निघाला म्हणून कोणाची नोकरी गेल्याचे मी पाहिले नाही. लपवला म्हणून गेलेली दोन माणसे मला माहीत आहेत. आपल्या जुन्या दुकानदारांच्या बिलांवर तळाशी ‘भूलचूक देणेघेणे’ असे छापलेले असे. आमच्याकडून चूक राहिली असेल तर दाखवा, हिशेब करू, असा त्याचा सरळ अर्थ. भूल हा शब्द भाषेने दोन्हीकडे वापरावा हा योगायोग असेल, पण दवाखान्याच्या कागदावर ती ओळ कधी दिसली नाही.

डॉक्टरांची बाजू मी जाणते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. ते आवश्यकच होते, पण तेव्हापासून लिहिलेला प्रत्येक शब्द उद्या कोर्टात वाचला जाईल ही धास्ती डॉक्टरांच्या हाताला कायमची चिकटली. त्यात नातेवाइकांची दांडगाई. डॉक्टरांवरचे हल्ले थांबवायला महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. अशा हवेत ‘भूल अपुरी पडली’ असे केसपेपरवर कोण लिहील? तरी ब्रिटनचा अनुभव उलट दिशा दाखवतो. तिथे बाळंतपणातल्या भुलीसंबंधी डॉक्टरांविरुद्ध जे दावे होतात, त्यांत सिझेरियनच्या वेळची वेदना हे प्रमुख कारणांपैकी एक आहे. आणि भूल तपासल्याची, बाईने काय सांगितले त्याची आणि त्यावर काय केले त्याची नोंद नसली, की डॉक्टरांची बाजू लंगडी पडते.

संमतीपत्राचा विषयही इथेच येतो. बँकेत कर्जाच्या कागदांवर सह्या घेण्यात माझी हयात गेली, त्यामुळे न वाचता केलेली सही मला लांबून ओळखू येते. रुग्णालयात कागद इंग्रजीत, वेळ घाईची, आणि सही बहुधा नवऱ्याची. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती तिची तिनेच द्यायची असते आणि तिला पुरेशी माहिती दिल्याशिवाय ती संमती खरी नव्हे. भूल अपुरी पडू शकते, तसे झाल्यास काय करू, हे त्या माहितीत यायला हवे. ब्रिटनमधल्या सूचनांचा गाभा तरी दुसरा काय आहे? चीर देण्याआधी भूल नीट तपासा आणि तपासल्याचे लिहा. ती दुखते म्हणाली तर ते खरे माना. थांबणे सुरक्षित असेल तर हात थांबवा. पूर्ण भुलीचा पर्याय तिच्यापुढे ठेवा. नंतर जाऊन तिच्याशी बोला. यातल्या एकाही गोष्टीला परदेशी यंत्र लागत नाही.

लागते ते माणूस, आणि तिथे मात्र आपली खरी अडचण आहे. छोट्या गावांतून भूलतज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन तातडीच्या प्रसूतीपुरते तयार करण्याची योजना आखली. त्यामुळे कित्येक माता वाचल्याही असतील. खासगी क्षेत्रात निमशहरी महाराष्ट्र चालतो तो फिरत्या भूलतज्ज्ञांवर. एका दवाखान्यातून दुसऱ्यात, बॅग घेऊन, सकाळी सातपासून रात्रीपर्यंत. माझी एक मैत्रीण असे काम तीस वर्षे करते आहे. पूर्वी ती माझ्या शाखेची खातेदार होती. मी तिला विचारले, “भूल चढायला दहा मिनिटं द्यावी लागतात, ती मिळतात का?” ती म्हणाली, “सर्जन हात धुऊन उभा असतो गं. बाहेर ओपीडी तुंबलेली. ‘चढली का?’ असं तो तीनदा विचारतो. तिसऱ्यांदा ‘नाही’ म्हणायला धीर लागतो, कारण उद्याचं बोलावणं त्याच्याकडूनच यायचं असतं.”

बँकेत असताना कर्मचाऱ्यांची वैद्यकीय बिले माझ्या टेबलावरून जात. सर्जनची फी, थिएटरचे भाडे, औषधे, आणि मध्येच कुठेतरी भूलतज्ज्ञाची एक ओळ, बहुतेकदा सर्जनच्या फीच्या एक तृतीयांशाच्या आसपास. शस्त्रक्रियेआधी पेशंटला त्या माणसाचे नावही माहीत नसते. घरातली मंडळी सर्जनची चौकशी दहा ठिकाणी करतात. भूल कोण देणार आहे, त्यांच्याशी आधी पाच मिनिटे बोलता येईल का, भूल कशी तपासणार, पुरली नाही तर पुढे काय, हे विचारणारा नवरा किंवा आई मी अजून पाहिलेली नाही. विचारावे. कोणताही चांगला भूलतज्ज्ञ अशा प्रश्नांनी रागावणार नाही. पूर्वी कधी दात काढताना इंजेक्शन चालले नसेल, आधीच्या बाळंतपणात दुखले असेल, विंचू चावला असेल, तर तेही तेव्हाच सांगून टाकावे. हे फक्त बाळंतिणीपुरतेही नाही. हर्निया, प्रोस्टेट, मोडलेले खुबे, बदललेले गुडघे, आमच्या वयाच्या निम्म्या शस्त्रक्रिया याच भुलीखाली होतात.

सरकारने २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ नावाने प्रसूतिगृहे आणि प्रसूतीची शस्त्रक्रियागृहे सुधारण्याचा कार्यक्रम सुरू केला. बाळंतिणीला सन्मानाने वागवणे हा त्याचा एक उद्देश आहे. त्यात प्रत्येक सिझेरियननंतर चोवीस तासांच्या आत ‘शस्त्रक्रियेच्या वेळी दुखले का?’ हा एक प्रश्न विचारून उत्तर केसपेपरवर लिहिणे सक्तीचे केले, तर दोन वर्षांत महाराष्ट्राचा स्वतःचा आकडा हाती येईल. मग तो सातांत एक निघो की सत्तरांत एक.

माझ्या मैत्रिणीने तिच्यापुरती ही पद्धत सुरू केली आहे. भूल दिलेल्या प्रत्येक बाळंतिणीला ती दुसऱ्या दिवशी भेटते आणि हेच विचारते. पहिल्या महिन्यात बायका ‘नाही, काही नाही’ म्हणत. मग तिने प्रश्न बदलला: ‘कधी दुखायला लागलं?’ तेव्हा काही जणी सांगू लागल्या. ती ते एका वहीत लिहिते. कोणता दवाखाना, कोणते औषध, चीर देण्याआधी किती मिनिटे गेली होती. दोन सर्जननी वही बघायला मागितली, एकाने तिला बोलावणे बंद केले. दुसऱ्या दिवशीच्या या फेरीसाठी बिलात ओळ नाही, त्यामुळे पेट्रोल तिचे तिलाच पडते.